फ्रेक्सप, आयलॉगबी की सरळ बिट कापायचे? सी मधल्या एक्स्पोनंट काढणाऱ्यांचा रिव्ह्यू

मोबाइल, मिक्सर, हेडफोन सगळ्याचे रिव्ह्यू लोक लिहितात, पण ज्याच्यावर आपलं पोट चालतं त्या लायब्ररी फंक्शनचा रिव्ह्यू कोणी लिहीत नाही, म्हणून म्हटलं आपणच लिहून टाकू. विषय अगदी छोटा आहे. सी या प्रोग्रॅमिंग भाषेत एक फ्लोट किंवा डबल (दशांश आकडा ठेवायचे लहान आणि मोठे प्रकार) हातात आहे, त्याचा दोनचा घातांक, म्हणजे एक्स्पोनंट, पाहिजे, म्हणजे आकडा एक-पॉइंट-काहीतरी गुणिले दोनचा किती घात असा लिहिला तर तो घात किती. आठ दिला तर ३ यायला पाहिजे, ०.१ दिला तर उणे ४, कारण ०.१ म्हणजे १.६ गुणिले दोनचा उणे चौथा घात. बस एवढंच काम. पण एवढ्याशा कामाला बाजारात चार-पाच जण उभे आहेत आणि प्रत्येकाचं वागणं वेगळं.

मला हे लागतं व्हायब्रेशन सेन्सरच्या डेटासाठी. रीडिंगचा एक ब्लॉक घ्यायचा, त्यातल्या सगळ्यात मोठ्या आकड्याचा एक्स्पोनंट काढायचा आणि बाकी सगळ्यांना त्या एकाच एक्स्पोनंटवर आणून इंटिजरमध्ये बसवायचं, ज्याला ब्लॉक फ्लोटिंग पॉइंट म्हणतात. जागा वाचते आणि पुढचं गणितही स्वस्त पडतं. आता खऱ्या सेन्सरचा डेटा काही पुस्तकातल्यासारखा येत नाही, मशीन बंद असली की ओळीने शून्यं येतात, वायर सुटली की वरच्या कोडमधून नॅन (नॉट अ नंबर, हा आकडाच नाही अशी खूण) येतो, कुठे भागाकार शून्याने झाला की इन्फिनिटी येते आणि फिल्टरची शेपूट मरत मरत जाते तेव्हा सबनॉर्मल आकडे येतात, म्हणजे इतके बारीक की त्यांचा एक्स्पोनंटचा खाना रिकामा झालेला असतो. त्यामुळे माझा रिव्ह्यू या चार गिऱ्हाइकांवरूनच आहे. आठला ३ तर कोणीही सांगेल हो, शून्याला काय सांगता ते बोला.

आधी आतलं सामान थोडक्यात, ज्यांना माहीत आहे त्यांनी हा पॅरा सोडा. डबल ६४ बिटांचा, त्यात १ बिट चिन्हाचा, ११ बिट एक्स्पोनंटचे आणि ५२ बिट अपूर्णांकाचे. एक्स्पोनंट थेट नाही ठेवत, त्यात १०२३ मिळवून ठेवतात, म्हणजे आठच्या पोटात ३ नाही तर १०२६ असतो. फ्लोटमध्ये १, ८, २३ आणि मिळवायचे १२७. हे सगळं आयट्रिपलई ७५४ नावाच्या १९८५ च्या स्टँडर्डमधलं, ज्याच्यामागे मुख्य डोकं विल्यम कहान यांचं, त्यांना १९८९ चं ट्युरिंग अवॉर्डही मिळालं. एक्स्पोनंटचे सगळे बिट शून्य असले तर तो आकडा शून्य तरी किंवा सबनॉर्मल तरी, आणि सगळे बिट एक असले तर इन्फिनिटी किंवा नॅन. आपली चारही त्रासदायक गिऱ्हाइकं या दोन टोकांना बसलेली आहेत, आणि बाजारातला सगळा फरक या दोन टोकांवरच कळतो.

सगळ्यात आधी ज्याला घरी आणूच नये त्याचं बोलतो. लॉग-टू (दोनच्या पायाचा लॉगरिदम) घ्यायचा आणि त्याचा फ्लोअर करायचा, म्हणजे खालच्या पूर्णांकावर आणायचा. इंटरनेटवर हेच उत्तर सर्रास सापडतं, दिसायला एका ओळीचं, गणिताच्या दृष्टीने बरोबर, आणि कॉम्प्युटरवर चूक. आठच्या लगेच खालचा डबल घ्या, म्हणजे आठपेक्षा एका शेवटच्या बिटाने कमी. त्याचा खरा एक्स्पोनंट २ आहे. पण त्याचा लॉग येतो तीनपेक्षा साधारण १.६ गुणिले दहाचा उणे सोळावा घात एवढा कमी, आणि तीनच्या खाली डबलमधलं अंतरच ४.४ गुणिले दहाचा उणे सोळावा घात एवढं आहे, मग तो राउंड होऊन चक्क ३ होतो आणि फ्लोअर बिचारा ३ च सांगणार, त्याचा काय दोष. वरून काही जण फ्लोअर पण लावत नाहीत, नुसतं इंटमध्ये (साध्या पूर्णांकाच्या प्रकारात) कास्ट करतात, म्हणजे बदलतात, ते शून्याच्या दिशेने कापतं, म्हणून ०.१ चं उत्तर उणे ४ ऐवजी उणे ३ येतं. निगेटिव्ह आकड्याला नॅन येतो, शून्याला उणे इन्फिनिटी येते आणि ती इंटमध्ये कास्ट करणं म्हणजे अनडिफाइन्ड बिहेविअर, काय होईल याची भाषा काहीच हमी देत नाही. बरं एवढं करून काम पण महाग, पूर्ण लॉगरिदम काढायचा आणि पॉइंटच्या पुढचं सगळं फेकून द्यायचं! जे उत्तर ११ बिटांत तयार लिहून ठेवलंय त्यासाठी एवढा उद्योग कशाला. याचा दहाच्या घाताचा भाऊ तर अजून बदनाम आहे, हजारचा लॉग भागिले दहाचा लॉग केलं की २.९९९९९९९९९९९९९९९६ येतं हे बऱ्याच जणांनी पाहिलं असेल. मी याला शून्य स्टार देतो आणि ते कमी वाटत असतील तर सबनॉर्मल स्टार देतो.

आता जुना जाणता, फ्रेक्सप. हा सी८९ पासून, म्हणजे सी भाषेच्या १९८९ च्या स्टँडर्डपासून आहे, त्याच्याही आधी युनिक्समध्ये होता, म्हणजे कितीही जुना कंपायलर असला तरी हा मिळणारच. आकडा द्या आणि एका इंटचा पत्ता द्या, तो अपूर्णांक परत करतो आणि त्या पत्त्यावर एक्स्पोनंट लिहितो. सबनॉर्मल याला बरोबर कळतात, सगळ्यात छोटा डबल म्हणजे दोनचा उणे १०७४ वा घात दिला तरी गडबडत नाही. शून्य दिलं तर दोन्ही उत्तरं शून्य, तेही स्टँडर्डने पक्कं करून दिलंय.

पण! याचा अपूर्णांक ०.५ ते १ मध्ये असतो, १ ते २ मध्ये नाही. म्हणून आठ दिला की ०.५ आणि ४ मिळतात, ०.१ दिला की ०.८ आणि उणे ३. म्हणजे आपल्या अपेक्षेपेक्षा नेहमी एक जास्त. हे म्हणजे तळमजल्यालाच पहिला मजला म्हणणाऱ्या सोसायटीसारखं, चूक कोणाचीच नाही पण पाहुणा वरच्या मजल्यावर बेल वाजवणार. पीडीपी-११ या जुन्या कॉम्प्युटरवर मँटिसा (आकड्यातला अपूर्णांकाचा भाग) असाच अर्ध्यापासून एकपर्यंत मानायचे आणि युनिक्स त्याच मशीनवर वाढलं, म्हणून ही सवय. आणि गंमत बघा, फ्लोट डॉट एच या हेडर फाइलमधले मॅक्रोही (नाव दिलेले ठरावीक आकडे) याच हिशोबाने आहेत, डबलचा मॅक्स एक्स्पोनंट तिथे १०२४ लिहिलाय आणि मिन उणे १०२१, जेव्हा आयट्रिपलईच्या हिशोबाने ते १०२३ आणि उणे १०२२. कोडमध्ये एका ठिकाणी हे मॅक्रो वापरले आणि दुसऱ्या ठिकाणी आयलॉगबी, तर एकाचा घोळ झालाच समजा. आणि हा एकाचा घोळ असा की क्रॅश होत नाही काही नाही, फक्त सगळे आकडे दुप्पट किंवा निम्मे दिसतात आणि लोक सेन्सरला शिव्या घालत बसतात.

फ्रेक्सपची दुसरी खोड जास्त वाईट. नॅन किंवा इन्फिनिटी दिली तर तोच आकडा परत येतो, पण एक्स्पोनंटच्या पत्त्यावर काय लिहिलं जाईल ते स्टँडर्ड सांगतच नाही. ग्लिबसी (लिनक्सवरची नेहमीची सी लायब्ररी) तिथे शून्य लिहितं. मसल (दुसरी, छोटी सी लायब्ररी) मात्र त्या पत्त्याला हातच लावत नाही, म्हणजे तुमच्या व्हेरिएबलमध्ये आधी जे पडलेलं होतं ते तसंच, आणि व्हेरिएबल इनिशियलाइज केलं नसेल तर मग देवाक काळजी. लूपमध्ये तर अजून मजा, मागच्या आकड्याचा एक्स्पोनंट या नॅनला चिकटतो आणि उत्तर अगदी साजूक दिसतं. उबुंटूवर टेस्ट पास होते आणि अल्पाइनच्या कंटेनरमध्ये, जिथे मसल असतं, वेगळंच काहीतरी. म्हणून फ्रेक्सप वापरायचा तर आधी आकडा फायनाइट आहे का ते तपासा, मग बोलवा. अपूर्णांक आणि एक्स्पोनंट दोन्ही हवे असतील, म्हणजे आकडा उघडून नंतर एलडीएक्सपने (याच्याच उलट काम करणारं फंक्शन) परत जोडायचा असेल, तर याला तोड नाही. नुसता एक्स्पोनंट हवा असेल तर मात्र उगाच पॉइंटर आणि एक जास्तीचा व्हेरिएबल सांभाळा. साडेतीन स्टार.

आयलॉगबी हा माझा रोजचा. सी९९ मध्ये आला. एक आकडा द्या, इंट घ्या, विषय संपला. आठला ३, उणे आठलाही ३, सबनॉर्मलला खरा एक्स्पोनंट, जणू तो नीट नॉर्मलाइज केलेलाच आहे, म्हणजे सगळ्यात छोट्या डबलला उणे १०७४. इन्फिनिटीला इंट मॅक्स, म्हणजे इंटमध्ये मावणारा सगळ्यात मोठा आकडा. शून्याला आणि नॅनला त्याने मॅक्रो ठेवलेत, एफपी आयलॉगबी झिरो आणि एफपी आयलॉगबी नॅन.

इथे बारीक अक्षरात लिहिलेलं वाचा. स्टँडर्डने शून्याच्या मॅक्रोला इंट मिन (इंटमध्ये मावणारा सगळ्यात लहान आकडा) किंवा उणे इंट मॅक्स अशी दोन पर्यायांची मोकळीक दिलीय, आणि नॅनच्या मॅक्रोला इंट मॅक्स किंवा इंट मिन. एक्स-८६ वर ग्लिबसीत दोन्हींची किंमत एकच, इंट मिन, म्हणजे उत्तर बघून आकडा शून्य होता की नॅन ते कळायचा मार्गच नाही. आणि दुसऱ्या प्लॅटफॉर्मवर नॅन इंट मॅक्स होऊ शकतो. आमच्यासारखा जो ब्लॉकमधला मोठ्यात मोठा एक्स्पोनंट शोधतो त्याच्यासाठी याचा अर्थ काय, तर एका मशीनवर नॅन गुपचूप दुर्लक्षित होतो आणि दुसऱ्यावर तोच नॅन सगळ्या ब्लॉकचा राजा होतो. शिवाय उत्तर इंट मिन आलं आणि पुढच्या ओळीत कोणी त्यातून १० वजा केले तर साइन्ड ओव्हरफ्लो (उत्तर इंटमध्ये मावतच नाही), पुन्हा अनडिफाइन्ड. सगळी शून्यं असलेला ब्लॉक, म्हणजे मशीन बंद, ही काही दुर्मिळ गोष्ट नाही हो, रोज रात्री होते. तेव्हा आयलॉगबीच्या आधी दोन ओळी पाहिजेतच, एक शून्याची आणि एक नॅनची. या दोन ओळी लिहायची तयारी असेल तर साडेचार स्टार, नसेल तर घेऊ नका.

याचाच भाऊ लॉगबी, तो उत्तर डबलमध्ये देतो. लोक विचारतात पूर्णांकच आहे तर डबलमध्ये कशाला. तर शून्यासाठी. लॉगबीला शून्य दिलं की उणे इन्फिनिटी मिळते, आणि उणे इन्फिनिटीतून १० काय हजार वजा करा, ती उणे इन्फिनिटीच राहते, ओव्हरफ्लो नाही की काही नाही. कुठल्याही एक्स्पोनंटशी तुलना केली तरी ती लहानच भरते, जे बरोबरच आहे. नॅनला नॅन, इन्फिनिटीला अधिक इन्फिनिटी. चारही गिऱ्हाइकांना वेगवेगळं आणि खरं उत्तर देणारा आख्ख्या बाजारात हा एकटाच, आणि याच्याबद्दल कोणी बोलत नाही. फक्त शून्याला तो डिव्हाइड-बाय-झिरोचा फ्लॅग वर करतो, तो ट्रॅप तुम्ही चालू ठेवला असेल तर प्रोग्रॅम आडवा होईल. शिफ्ट करायला किंवा अ‍ॅरेच्या इंडेक्सला शेवटी इंटच लागतो, म्हणून मी तो कमी वापरतो, पण दोन एक्स्पोनंटची तुलना किंवा वजाबाकी एवढंच करायचं असेल तर हाच घ्या. चार स्टार.

आता ज्याच्यासाठी निम्मे लोक इथे आलेत ते, सरळ बिट कापणे. डबल उचला, ६४ बिटांच्या अनसाइन्ड इंटिजरमध्ये ठेवा, ५२ ने उजवीकडे सरकवा, २०४७ ने अँड करा, १०२३ वजा करा. फार समाधान मिळतं हे लिहिताना, खोटं कशाला बोलू. आणि वेगवान आहेच, फंक्शन कॉल नाही, तीन-चार इन्स्ट्रक्शनमध्ये काम, आणि मोठ्या अ‍ॅरेवर कंपायलर ते व्हेक्टराइजही करू शकतो, म्हणजे एका वेळी अनेक आकड्यांवर चालवू शकतो, जे लायब्ररी कॉलच्या बाबतीत सहसा होत नाही.

उचलायचं कसं यावर मात्र वाद नको. डबलच्या पत्त्याला इंटिजर पॉइंटरमध्ये कास्ट करून वाचणं हे स्ट्रिक्ट अलायसिंगच्या नियमात (एका प्रकारचा आकडा दुसऱ्या प्रकारच्या पॉइंटरने वाचायचा नाही) बसत नाही, आणि जीसीसी कंपायलर ओ-टू या ऑप्टिमायझेशनच्या पातळीवर तो नियम धरूनच ऑप्टिमाइज करतं, त्यामुळे डीबग बिल्डमध्ये चालणारा कोड रिलीजमध्ये जुनी किंमत वाचू शकतो. मेमकॉपी वापरा. आठ बाइट कॉपी करायला फंक्शन कॉल होईल म्हणून घाबरू नका, आजकालचे कंपायलर त्याचं एका मूव्हमध्ये रूपांतर करतात. युनियनमधूनही (एकाच जागेला दोन प्रकारांची नावं) सी मध्ये चालतं, सी प्लस प्लसमध्ये नाही, तिथे सी प्लस प्लस २० पासून बिट कास्ट आहे. बिटफिल्डवाली स्ट्रक्चर काही जुन्या कोडमध्ये दिसते, एक बिट चिन्ह, अकरा बिट एक्स्पोनंट वगैरे नावं देऊन, दिसते सुंदर पण बिट कुठल्या बाजूने भरायचे हे कंपायलरच्या मर्जीवर असतं, सोडून द्या. आणि अनसाइन्ड लाँगवर पण विसंबू नका, विंडोजवर तो ३२ बिटांचा असतो. अँड करायचा राहिला तर चिन्हाचा बिट सोबत येतो, उणे आठला ३ ऐवजी २०५१ मिळतो.

आणि चार गिऱ्हाइकं? शून्याला उणे १०२३. सबनॉर्मलला पण उणे १०२३, खरा एक्स्पोनंट उणे १०७४ असला तरी. इन्फिनिटी आणि नॅन दोघांनाही १०२४. म्हणजे हे फंक्शन एक्स्पोनंट सांगतच नाही, खान्यात काय लिहिलंय ते वाचून दाखवतं. हे काही वाईटच आहे असं नाही, जावामध्ये मॅथचं गेट एक्स्पोनंट नेमकं हेच करतं आणि डॉक्युमेंटेशनमध्ये तसं स्पष्ट लिहिलेलं आहे. उलट उणे १०२३ आणि १०२४ या दोन किंमती इतर कुठल्या आकड्याला येत नाहीत, त्यामुळे दोन्ही टोकं ओळखायला सोपी, आणि कशालाच ओव्हरफ्लो नाही. सबनॉर्मल नीट पाहिजेत तर मसलच्या फ्रेक्सपमधली युक्ती घ्या, आकडा दोनच्या चौसष्टाव्या घाताने गुणायचा, मग एक्स्पोनंट वाचायचा, मग ६४ वजा करायचे. फ्लोटसाठी तर याहून सोपं, तो आधी डबलमध्ये टाका, फ्लोटचा सगळ्यात छोटा सबनॉर्मल म्हणजे दोनचा उणे १४९ वा घात हा डबलमध्ये आरामात नॉर्मल असतो, प्रश्नच मिटतो. डेटा कुठून येतो ते माहीत असेल तर चार स्टार, कोणाच्याही डेटावर चालवायचं असेल तर दोन.

वेगाच्या वादाबद्दल एक सांगतो, कारण त्यावरून लोक फार तावातावाने भांडतात. ब्लॉकमधला मोठ्यात मोठा एक्स्पोनंट पाहिजे तर प्रत्येक आकड्याचा एक्स्पोनंट काढायची गरजच काय? आधी अ‍ॅब्सोल्यूट व्हॅल्यूंमधली सगळ्यात मोठी शोधा, मग त्या एकट्याचा एक्स्पोनंट काढा, आकडा मोठा तर एक्स्पोनंट लहान असूच शकत नाही. १०२४ रीडिंगमागे आयलॉगबीचा एक कॉल. मग तो किती नॅनोसेकंद घेतो याचं कोणाला पडलंय. शोधताना एफमॅक्स वापरला तर तो नॅनला बाजूला ठेवून दुसरा आकडा देतो हाही फायदा, फक्त नॅन आला होता याची नोंद वेगळी ठेवा, नाहीतर वायर सुटल्याचं कळणारच नाही.

लहान बोर्डवाल्यांसाठी वेगळं. कॉर्टेक्स एम-४ मध्ये फ्लोटिंग पॉइंट युनिट असलं तरी ते फक्त सिंगल प्रिसिजनचं असतं. तिथे फ्लोट व्हेरिएबल साध्या आयलॉगबीला दिला की तो आधी डबल होतो आणि डबलचं सगळं काम सॉफ्टवेअरमध्ये चालतं, मागे लायब्ररीचा गोतावळा पण येतो. शेवटी एफ लावलेली रूपं वापरा, आयलॉगबीएफ, फ्रेक्सपएफ. जीसीसीला डबल प्रमोशनची वॉर्निंग चालू करायला सांगा, कुठे कुठे चोरून डबल होतंय ते सगळं बाहेर येतं, यादी बघून चक्कर येईल. वर दिलेली फ्लोट डबलमध्ये टाकायची युक्ती पण इथे नको, त्याच कारणाने.

आणि फास्ट-मॅथ हा कंपायलरचा पर्याय चालू करणाऱ्यांनो, तुम्ही कंपायलरला लिहून देताय की नॅन आणि इन्फिनिटी येणारच नाहीत. मग तो इज-नॅनची तपासणी सरळ काढून टाकू शकतो, आणि वर सांगितलेल्या दोन ओळींमधली एक गायब. बिट कापणं तिथे टिकतं कारण ते सगळं इंटिजरचं काम आहे, त्याबद्दल कंपायलरने काही गृहीत धरलेलं नसतं.

मिळण्याबद्दल, लिनक्सवर ग्लिबसीत आयलॉगबी आणि लॉगबीसाठी लिंक करताना मायनस एलएम (गणिताची लायब्ररी जोडायचा पर्याय) लागतो, फ्रेक्सप मात्र मूळ लिबसीमध्येच असल्यामुळे त्याच्याशिवायही चालतो, म्हणून फ्रेक्सप बदलून आयलॉगबी टाकला आणि लिंकर ओरडला तर गोंधळू नका. मायक्रोसॉफ्टकडे ही सी९९ वाली मंडळी व्हिज्युअल स्टुडिओ २०१३ पासून आली, त्याआधीचा कंपायलर गळ्यात असेल तर फ्रेक्सपच. नुसतं डोळ्याने बघायचं असेल तर काहीच बोलवू नका, प्रिंटएफला टक्का आणि ए द्या, आठ दिला की शेवटी पी अधिक ३ असं छापून येतं, तोच एक्स्पोनंट. डीबग करताना हे फार उपयोगी पडतं.

लाँग डबलवाले राहिले. तो एक्स-८६ लिनक्सवर ८० बिटांचा, एक्स्पोनंट १५ बिट आणि वरचा एक बिट उघड लिहिलेला, बाकीच्यांसारखा लपलेला नाही. ६४ बिटांच्या आर्म लिनक्सवर तोच १२८ बिटांचा, आणि मायक्रोसॉफ्टच्या कंपायलरमध्ये साध्या डबलएवढाच. तीन ठिकाणी तीन प्रकारे बिट कापायची हौस कोणाला असेल तर त्याने जरूर कापावेत, मी तिथे आयलॉगबीएल लिहितो आणि पुढच्या फाइलकडे वळतो.